एक फूट मातीखाली

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. गाव म्हणून ते कधीच उठलं, आता ओसाड आहे. तिथे कोरीव लेणं नाही, राजवाडा नाही, दगडी तटबंदी नाही. आहे ते एक पसरट टेकाड आणि त्यावर पाऊस पडून गेला की उघडी पडणारी खापरं. पण अजिंठ्याच्या लेण्यांना ज्या कायद्यानं राखलं आहे, त्याच कायद्यानं या टेकाडालाही राखलं आहे. केंद्र सरकारनं संरक्षित केलेली ही जागा आहे.

लेण्यांचं कुणालाही पटतं. तिथे चित्रं आहेत, मूर्ती आहेत, डोळे दिपतात. पण शेतशिवारातल्या मातीच्या उंचवट्याला कायद्याचं कवच कशासाठी? मातीतल्या मौल्यवान वस्तू काढून संग्रहालयात ठेवल्या की काम संपलं, असं वाटणं साहजिक आहे. दायमाबादची हकिकत नीट पाहिली की हा समज मुळापासून हलतो. इथली मातीच ऐवज आहे. वस्तू तिच्यातून उपटून काढल्या, की त्यांची अर्धी वाचा जाते.

आधी टेकाड कसं तयार होतं ते पाहू. मातीचं घर दर पावसाळ्यात थोडं थोडं जमिनीला मिळत असतं. भिंतीचा गिलावा गळतो, चुलीतली राख अंगणात पडते, फुटलेलं मडकं तिथल्या तिथे दडपलं जातं, जमीन पुन्हा पुन्हा सारवली जाते. घर पडलं की माती उचलून नेत नाहीत, तिथेच सपाट करून वर नवं घर उभं राहतं. अशी वस्ती शतकानुशतकं एकाच जागी राहिली, की तिच्या पायाखालची जमीन वर येऊ लागते. आपल्या खेड्यांत शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. ही पांढरी म्हणजे माणसांनी राहून राहून तयार केलेली माती.

दायमाबादला हा साठा सुमारे ५ मीटर खोल आहे. त्यात इसवी सनापूर्वी सुमारे २२०० ते १००० अशी साधारण १२०० वर्षं साठलेली आहेत. हिशेब करून पाहा. सरासरी वर्षाला चार मिलिमीटर. एका पिढीला पंचवीस वर्षं धरली, तर पिढीमागे दहा सेंटिमीटर. अर्थात थर असे समान मापानं चढत नाहीत, कुठे पटकन भर पडते, कुठे काहीच पडत नाही. तरी या सरासरीनं अंदाज येतो. एक फूट माती म्हणजे आजोबा, मुलगा आणि नातू.

ही जागा १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांच्या नजरेस आली. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे इथे उत्खनन केलं. त्यांना एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर मिळाले. ते तळापासून वर वाचायचे.

अगदी खाली सावळदा संस्कृती. तापीच्या खोऱ्यातल्या सावळदा गावावरून तिला हे नाव मिळालं. एक, दोन किंवा तीन खोल्यांची मातीची घरं, त्यांत चुली, धान्य साठवायचे खड्डे आणि रांजण, काही घरांपुढे अंगण आणि शेजारून जाणारी गल्ली. जळून कोळसा झालेले दाणे सांगतात, की ही माणसं जव, मसूर, वाटाणा पिकवत होती. जळलेला दाणा कुजत नाही, म्हणून चार हजार वर्षांनी आपल्याला त्यांचं ताट कळतं. एखाद्या संध्याकाळी चुलीशी दाणे सांडले, करपले आणि कुणीतरी ते केरात लोटले. त्या क्षुल्लक गोष्टीवर आज आपण महाराष्ट्राच्या शेतीचा आरंभ मांडतो.

त्याच्या वरचा थर उत्तर हडप्पा काळाचा. सिंधूकाठची मोठी नगरं ओसरत होती, त्या सुमारास तिकडच्या संस्कृतीची खूण प्रवरेपर्यंत आलेली दिसते. भाजलेल्या मातीच्या, बटणाच्या आकाराच्या दोन मुद्रा मिळाल्या आणि त्यांवर सिंधू लिपीची चिन्हं होती. काही खापरांवरही ती कोरलेली होती. क्षणभर थांबून याचा विचार करावा. ही लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथून शेकडो कोस दूर. आणि तरी आपल्या उसाच्या पट्ट्यात, प्रवरेच्या काठावर, कुणाच्या तरी हाताला ती चिन्हं काढायची सवय होती. हडप्पा संस्कृतीच्या ज्ञात जागांमध्ये दायमाबाद अगदी दक्षिणेच्या टोकाला येतं. याच थरात वस्तीच्या आतच एक दफन मिळालं. कच्च्या विटांनी बांधून काढलेला खड्डा, त्यात उताणं निजवलेलं शरीर आणि त्यावर कधीकाळी घातलेल्या गवताच्या काड्यांचे अवशेष.

तिसऱ्या थराला दायमाबादचंच नाव मिळालं, कारण ही संस्कृती प्रथम इथेच ओळखली गेली. पिवळसर भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी ही तिची खूण. तांबं वितळवायच्या भट्टीचा भाग सापडला आणि हस्तिदंताच्या मोजपट्टीचा तुकडाही. त्यावर समान अंतराच्या खुणा आहेत. म्हणजे इथे कुणीतरी मापून काम करत होतं. याच काळात मृतांना निरोप देण्याच्या तीन रीती एकाच वेळी दिसतात: खड्ड्यातलं दफन, दहनानंतर अस्थी कुंभात ठेवणं, आणि ज्यात शरीरच नाही असं प्रतीकात्मक दफन. माणूस दूर कुठे गेला आणि परत आलाच नाही, म्हणून घरच्यांनी त्याच्यासाठी रिकामी जागा केली, असं असेल का? कारण काहीही असो, जो हाती लागला नाही त्याचाही विधी केला पाहिजे असं वाटणारी माणसं इथे राहत होती.

चौथा थर माळवा संस्कृतीचा. नर्मदेच्या पलीकडच्या माळव्याशी नातं सांगणारी भांडी, लाकडी खांबांच्या आधारानं उभी केलेली ऐसपैस आयताकृती घरं, काहींच्या दाराशी पायऱ्या. सर्वांत वर, इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळात, जोर्वे संस्कृती.

जोर्वे हे नाव याच नदीवरच्या, संगमनेरजवळच्या गावाचं. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि महाराष्ट्राच्या प्राचीन शेतकऱ्यांचा प्रथम पत्ता लागला. जोर्वेचं एक खापर तळहातावर घेतलं, तर वेगळं काही सांगावं लागत नाही. मध्यम जाडीचं, बिनचकाकीचं लाल अंग, त्यावर काळ्या रंगाच्या सरळ, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. कडकडीत भाजलेलं, नखानं टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज देणारं. भांड्याचं पोट मधोमध कंगोऱ्यासारखं वळलेलं आणि बाजूला लांब तोटी. अशा तोटीची भांडी प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा अशा नद्यांच्या काठी सगळीकडे मिळतात. तापीपासून भीमेपर्यंत एकाच धाटणीची भांडी घडवणारे कुंभार होते, म्हणजे त्यांच्यात येणंजाणं होतं, सोयरीक होती, एकमेकांचं काम पाहून शिकणं होतं.

या काळात दायमाबाद सर्वांत मोठं झालं. वस्तीचा पसारा कित्येक हेक्टरांवर गेला, भोवती बुरजांसह मातीची तटबंदी आली. घरांत मिळालेल्या सामानावरून उत्खनकांनी कुंभाराचं घर, मणी करणाऱ्याचं घर, चुना तयार करणाऱ्याचं घर ओळखलं. भांडी, सांडलेला कच्चा माल, अर्धवट राहिलेली वस्तू आणि हत्यार जिथल्या तिथे होती, म्हणून हे ओळखता आलं.

आणि घरांच्या जमिनीखाली मुलं होती. जोर्वे काळातली ही रीत या संस्कृतीच्या इतर वस्त्यांतही दिसते. लहान मूल गेलं, की त्याला दोन कुंभांत ठेवत, कुंभांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि आडवं करून घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. गावाबाहेर नेत नसत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून निजवत आणि अनेकदा त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली आढळतात. का तोडत, याचे तर्क अनेक आहेत. पण मुलाला घरातच ठेवायची ओढ समजायला तर्काची गरज पडत नाही. त्यावरची जमीन सारवली जात असेल, त्यावर आई स्वयंपाक करत असेल. हे कुंभ घराच्या जमिनीखालीच आहेत, हे त्या जागेवर हळूहळू, पापुद्र्यापापुद्र्यानं माती काढली म्हणून कळलं. फावड्यानं खणलं असतं, तर दोन फुटलेली मडकी आणि हाडांचा चुरा इतकंच हाती आलं असतं.

इथून दायमाबादच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाकडे वळू, कारण हाच मुद्दा तो उलट्या बाजूनं सांगतो.

१९७४ मध्ये इथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत धातूच्या चार वस्तू सापडल्या. त्या पाहून सगळा देश चकित झाला. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक बैलांचा रथ. सगळ्या भरीव ओतीव, मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतकं तांबं एका जागी, तेही खेळण्यासारख्या शिल्पांसाठी, ही त्या काळात अफाट श्रीमंती होती. गेंडा दोन आडव्या दांड्यांवर उभा, खाली आस आणि भरीव चाकं. त्याच्या कातडीच्या घड्या कारागिरानं जाणून उतरवल्या आहेत. आज त्या भागात गेंडा म्हटलं तर हसतील, पण हे शिल्प घडवणाऱ्यानं गेंडा स्वतः तरी पाहिला होता, नाहीतर पाहिलेल्यांकडून तो शिकला होता. विदर्भात तान्हा पोळ्याला मुलं चाकांवरचे लाकडी बैल ओढत नेतात, त्यांची आठवण ही जनावरं पाहून झाल्याशिवाय राहत नाही.

रथ सगळ्यांत विलक्षण. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. पुढे जुवाला जुंपलेले दोन बैल, लांब दांडी, मागे दोन चाकांवर उभा असलेला सारथी, उंची जेमतेम १६ सेंटिमीटर, हातात काठी. आणि त्या दांडीवर, माणूस आणि बैल यांच्या मध्ये, एक कुत्रा उभा. सामर्थ्य दाखवायचं असतं, तर कुत्र्याची गरज नव्हती. देवाचा रथ असो की धन्याचा, घडवणाऱ्याला कुत्रा बरोबर घ्यावासा वाटला. त्या एका तपशिलानं हा सगळा संच माणसाळतो.

आता प्रश्न: ही शिल्पं किती जुनी? देशपांडे, राव आणि साळी यांच्या मते उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची. अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण पाहिलं आणि वेगळं मत मांडलं. या वस्तूंत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे या पाचही थरांच्या काळातल्या, इतर वस्तूंत असं मिश्रण आढळलेलं नाही. म्हणून त्या पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतात. एवढ्या मोठ्या अभ्यासकांत इतकं अंतर का पडावं?

कारण या वस्तू थरातून शास्त्रीय पद्धतीनं बाहेर आल्या नाहीत. अचानक सापडल्या, उचलल्या गेल्या. त्यांच्या शेजारी कोणतं खापर होतं, त्या खड्ड्यात पुरल्या होत्या की घराच्या जमिनीवर होत्या, वरचा थर अखंड होता की कुणी नंतर तो फोडून खाली गेलं होतं, हे टिपून ठेवायला त्या क्षणी कुणी नव्हतं. आणि धातूला स्वतःचं वय सांगता येत नाही. कार्बन-१४ पद्धतीला एकेकाळी जिवंत असलेली वस्तू लागते. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेतं, मेल्यावर तो पुरवठा थांबतो आणि आत राहिलेला किरणोत्सारी अंश ५७३० वर्षांत निम्मा होतो. लाकडाचा कोळसा, करपलेला दाणा, हाड वय सांगतं. धातू सांगत नाही. धातूच्या वस्तूचं वय सांगायचं, तर तिच्याबरोबर त्याच थरात मिळालेला कोळसा हवा.

किती विलक्षण आहे हे! साठ किलोंचा, जगभर गाजलेला ठेवा आपल्या काळाबद्दल वाद मागे ठेवतो, आणि चुलीशी करपलेला मसुरीचा दाणा शांतपणे आपलं शतक सांगून जातो. दाण्यामागे त्याचा थर उभा असतो.

वस्तू जागेवर राहिली, की ती किती बोलते, याचं एक उदाहरण याच नदीकाठचं आहे. प्रवरेवरचं नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरांमुळे ठाऊक. १९५४ ते १९५६ मध्ये सांकळियांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. दोरा तीन हजार वर्षं टिकत नाही, पण हा टिकला होता. तांब्याचे क्षार सूक्ष्मजंतूंना मारतात, म्हणून मण्यांच्या भोकातला धागा कुजला नाही. तपासणीत त्यात रेशीम आणि कापसाचा अंश आढळला. माळ कोणी उचलून धुऊन पुसून ठेवली असती, तर मणी राहिले असते आणि भारतातल्या रेशमाचा एवढा जुना पुरावा नळाखाली वाहून गेला असता.

आता कायद्याकडे पाहिलं, की त्यातली कलमं कोरडी वाटत नाहीत. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा १९५८ चा. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम, खाणकाम, खोदकाम करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनं भोवतालचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित झाले. जागेची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला सगळ्यांत भिडते ती शेतीबद्दलची तरतूद. संरक्षित क्षेत्रात शेती करायला कायदा आडकाठी करत नाही, मात्र पृष्ठभागापासून एक फुटापेक्षा खोल जायचं नाही.

एक फूट. शेतकऱ्याच्या पोटाचा आणि पूर्वजांच्या स्मृतीचा यापेक्षा नेमका समझोता मला माहीत नाही. वरची एक फूट माती नांगरानं आधीच उलथापालथ झालेली असते, तिथल्या खापरांचा मूळ ठाव बहुधा मोडलेला असतो. त्याखाली पिढ्या अजून आपापल्या जागी आहेत.

हा कायदा पुरातत्त्वज्ञांनाही थोपवतो. परवान्याशिवाय त्यांनाही खणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उत्खननात थर वाचला जातो तो काढून टाकूनच. पुन्हा तो जागेवर ठेवता येत नाही. म्हणून शहाणे उत्खनक जागेचा बराचसा भाग मुद्दाम तसाच सोडतात. १९५८ मध्ये कार्बन-१४ साठी मूठभर कोळसा लागे, आज एका दाण्यावर काम भागतं. तेव्हा हाडातल्या डीएनएची कल्पनाही नव्हती. दातांतल्या समस्थानिकांवरून माणूस लहानपणी कोणत्या पाण्यावर वाढला, मडक्याच्या पोटात मुरलेल्या चरबीवरून त्यात दूध तापवलं की मटण शिजवलं, हे आता तपासता येतं. दायमाबादच्या न खणलेल्या मातीत या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पन्नास वर्षांनी येणारे अभ्यासक असे प्रश्न विचारतील जे आज आपल्याला सुचतही नाहीत, आणि त्यांच्यासाठीही ती माती तिथे असायला हवी.

ती राहील का, हे कागदावरच्या कायद्याइतकंच आजूबाजूच्या लोकांवर ठरतं. जुन्या वस्तीची पांढरी माती राखेनं, शेणानं, हाडांनी कसदार झालेली असते, म्हणून ती शेतात घालायला नेण्याची चाल जुनी आहे. पूर्वी बैलगाडीभर माती जात असे, आता जेसीबी एका दिवसात एक शतक उचलून ट्रॅक्टरमध्ये भरू शकतो. नदीचा काठ दर पुराला ढासळतो तो वेगळाच. आणि महाराष्ट्रात अशी टेकाडं नदीकाठच्या कितीतरी गावांजवळ आहेत. त्यातली पुष्कळशी कुठल्याही यादीत नाहीत.

तेव्हा तुमच्या शिवारात पांढरीवर नक्षीचं खापर, गारगोटीची धारदार पाती, मण्याचा तुकडा किंवा धातूची वस्तू दिसली, तर उचलू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, मोबाइलवर फोटो काढा, आजूबाजूची जागाही त्यात येऊ द्या आणि तलाठ्याला, तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. पुरलेलं द्रव्य सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. १९७४ मध्ये त्या चार शिल्पांना हात लागण्याआधी कुणी असं केलं असतं, तर त्यांच्या काळाचा वाद कदाचित उभाच राहिला नसता. पुढचा रथ कुठे निघेल, ते कुणाला ठाऊक नाही. तो निघेल तेव्हा त्याचं शतकही त्याच्याबरोबर सुखरूप वर यावं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.